शब्द उरले, चाल गेली

अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी पाहायला गेलेला माणूस आधी तिच्या लांबीनेच थक्क होतो. सुमारे ४० फूट लांबीच्या कापडावर एका माणसाने पंचीकरणाचा विषय अक्षर अक्षर लिहून काढला आहे. माझे लक्ष मात्र दर वेळी दासोपंतांच्या पदांकडे वळते. त्या पदांना रागांची नावे दिलेली आहेत. कोणते पद कोणत्या रागात गायचे, एवढे कवीने सांगून ठेवले. ते कसे गायचे, सम कुठे घ्यायची, अंतरा कोणत्या स्वरावरून उचलायचा, हे मात्र कुठे लिहिलेले नाही. ते गळ्यात होते. दासोपंत १६१५ साली गेले. शिष्यांचे गळेही यथावकाश गेले.

या पदांचा विचार करताना एक प्रश्न मनात घर करून बसला. आपल्या या मुलखात, म्हणजे बालाघाटच्या डोंगरापासून गोदावरीपर्यंतच्या पट्ट्यात आणि तो ज्या राज्याचा भाग होता त्या राज्यात, गाणे रचणारी आणि ते आपल्या नावावर ठेवू शकलेली स्त्री कोण? संत स्त्रिया आहेत, पण त्यांचे गाणे देवाच्या दारातले. मला हवी होती ती दरबारातली, जहागिरीची मालकीण असलेली, आणि तरीही रचनाकार म्हणून उभी राहिलेली बाई. युरोपच्या अठराव्या शतकात अशा राजघराण्यातल्या स्त्रियांची नावे सहज सापडतात. आपल्याकडे शोधायला लागलो, तर वाट हैदराबादला जाऊन पोहोचली. त्यात नवल काही नाही. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत बीडची प्रत्येक वाट शेवटी हैदराबादलाच जात होती.

तिचे नाव चंदाबीबी. जन्म १७६८. पुढे ती माहलका बाई म्हणून ओळखली गेली. माहलका म्हणजे चंद्रासारख्या मुखाची. गझलांमध्ये तिने स्वतःचा तखल्लुस ‘चंदा’ असाच ठेवला.

*

आधी युरोपातल्या एका बाईची ओळख करून घेऊ, म्हणजे पुढचे बोलणे सोपे जाईल.

मारिया अंतोनिया वालपुर्गिस ही बव्हेरियाच्या राजघराण्यातली मुलगी. जन्म म्युनिकचा, १७२४ सालचा. बाप पुढे पवित्र रोमन सम्राट झाला. १७४७ मध्ये तिचे लग्न सॅक्सनीच्या युवराजाशी झाले आणि ती ड्रेस्डेनला आली. पोर्पोरा आणि हास्से हे त्या काळातले नामांकित संगीतकार तिचे गुरू. तिने दोन ऑपेरा रचले. पहिला ‘इल त्रियोंफो देल्ला फेदेल्ता’, म्हणजे निष्ठेचा विजय. दुसरा ‘तालेस्त्री’, अॅमेझॉन स्त्रियांच्या राणीची कथा. शब्द तिचे, संगीत तिचे आणि प्रयोगात मुख्य भूमिकेत गाणारीही तीच. आपल्याकडच्या संगीत नाटकाच्या रसिकाला यातले कर्तृत्व वेगळे समजावून सांगायला नको.

आता गंमत पाहा. या रचनांवर तिने राजकन्येचे नाव घातले नाही. रोमच्या ‘आर्केडियन’ अकादमीची ती सभासद होती. त्या मंडळीत प्रत्येकाने गुराख्याचे किंवा मेंढपाळाचे टोपणनाव घ्यायचे, असा प्रघात होता. हिचे नाव एर्मेलिंदा तालेआ. त्या नावाची चार आद्याक्षरे, ई. टी. पी. ए., एवढीच सही ती करी. थोडक्यात, तिचाही तखल्लुस होताच. लाइपझिगच्या ब्राइटकोफ छापखान्याने तेव्हा सुटे खिळे जुळवून स्वरलिपी छापण्याची नवी पद्धत बसवली होती. त्या पद्धतीने १७५६ साली जो संपूर्ण ऑपेरा छापून निघाला, तो या बाईचा. मराठी मजकूर देवनागरी खिळ्यांत छापला जायला १८०५ साल उजाडले, तेही बंगालात, श्रीरामपूरला.

परिणाम असा, की आज अडीचशेहून अधिक वर्षांनी एखाद्या वादकाने ते पान पुढे घेतले, तर मारिया अंतोनियाच्या मनातली चाल तो जवळपास जशीच्या तशी वाजवू शकतो. १७६३ मध्ये तिचा नवरा वारला. राज्यावर येऊन त्याला जेमतेम दोन-अडीच महिने झाले होते. राज्य, सत्ता, दरबार सगळे पुढे बदलत गेले. १७८० मध्ये ती स्वतः गेली. चाल मात्र राहिली.

*

चंदाची वाट उलट दिशेने सुरू होते. मारिया अंतोनिया जन्माने राजकन्या होती आणि तिने कला हाती घेतली. चंदाच्या हाती आधी कला होती आणि त्या कलेने तिला सरदारी दिली.

तिची आई राज कुंवर. परागंदा होऊन दक्षिणेत आलेल्या कुटुंबातली, गाणे-नाचणे हे चरितार्थाचे साधन असलेली बाई. नात्यातल्या महताब कुंवरने चंदाला दत्तक घेतले. महताब कुंवर ही निजामाचा दिवाण रुक्नुद्दौला याच्या घरातली. त्यामुळे पोर वाढली ती दिवाणाच्या वाड्यात, पुस्तकांच्या आणि उस्तादांच्या सहवासात. गझलेतला तिचा गुरू शेर मुहम्मद खाँ ‘ईमान’. गाण्यातला उस्ताद खुशहाल खाँ ‘अनूप’, तानसेनाच्या वंशपरंपरेतला कलावंत. त्याने रागांवर ग्रंथ लिहिले, गीतांचे मोठे संग्रह केले. हैदराबादेत अशा माणसाची शिष्या होणे म्हणजे दिल्लीच्या दरबारी गाण्याची थेट गादी मिळण्यासारखे होते.

दुसरा आसफजाह निजाम अली खान याच्या दरबारात तिचा उत्कर्ष झाला. उमरावांच्या पंक्तीत स्थान, जहागिरी, चौघडा, पालखी, पदरी शिपाई. मोहिमांवर ती निजामाच्या लवाजम्यात असे, तीही पुरुषी पोशाखात; घोडेस्वारी आणि तिरंदाजीत ती वाकबगार होती. पुढे दिवाण झालेल्या मीर आलमने तिच्या रूपावर फारसीत मसनवी लिहिली. तिने लग्न केले नाही. मुली सांभाळल्या, त्यांना गाणे शिकवले, ग्रंथसंग्रह केला आणि गुलाम हुसेन खाँ ‘जौहर’ याच्याकडून हैदराबादचा इतिहास लिहवून घेतला. त्या ग्रंथाचे नाव ‘माहनामा’, तिच्याच नावावरून ठेवलेले. इतिहास लिहवून घेणे हे राजांचे काम. ते या बाईने केले, ही गोष्ट तिच्याविषयीच्या सगळ्या सौंदर्यकथांपेक्षा मला मोठी वाटते.

१७९८ मध्ये तिचे दीवान तयार झाले. त्यात १२५ गझला. प्रत्येक गझल पाच शेरांची, आणि शेवटच्या शेरात बहुधा हजरत अलींचे स्मरण. एवढी शिस्त ठेवून कोणी लिहिते, तेव्हा तो मैफलीतला फावल्या वेळचा उद्योग नसतो. ग्रंथाचा आराखडा आधी मनात असावा लागतो. उर्दूत दीवान असलेली पहिली स्त्री म्हणून तिचे नाव अनेक वर्षे घेतले गेले. नंतर लुत्फुन्निसा ‘इम्तियाज’ हिचे १७९७ चे दीवान अभ्यासकांपुढे आले. तीही हैदराबादचीच. पहिली कोण, हा वाद मला गौण वाटतो. एकाच शहरात, एक वर्षाच्या अंतराने, दोन स्त्रिया आपापले लेखन एकत्र करून त्यावर नाव घालतात, याचा अर्थ त्या शहरात तशी हवा होती.

*

मराठी वाचकाला हा काळ ओळखीचा आहे, फक्त आपण त्याच्याकडे दुसऱ्या बाजूने पाहत आलो आहोत. ११ मार्च १७९५ ची खर्ड्याची लढाई आपल्या बीड जिल्ह्याच्या शिवेलगतच झाली. निजामाची फौज बिदरहून मांजरेच्या काठाने वर आली. ही मांजरा आपल्याच पाटोदा तालुक्यात, बालाघाटच्या डोंगरात उगम पावते. पुढे मोहरीचा घाट, खर्ड्याचा किल्ला, कोंडलेला निजाम, दौलताबादेसह गेलेला मुलूख, ओलीस म्हणून पुण्याला नेलेला दिवाण मुशीरुल्मुल्क. हे सगळे शाळेतल्या पुस्तकापासून आपल्याला पाठ आहे. अनंतफंदीने त्या विजयाचा पोवाडा केला.

त्या वर्षी चंदा २६-२७ वर्षांची होती. तिच्या दीवानातल्या गझला त्याच सुमाराच्या. आपण जिंकलो त्या लढाईच्या दुसऱ्या बाजूला, हरलेल्या दरबारात, एक बाई बसून शेर नीट लावत होती, हे चित्र आपल्या इतिहासात कुठे बसतच नाही. शत्रूच्या छावणीत आपण फक्त फौजा मोजल्या.

आणि दुसरा धागा तर थेट पुण्यापर्यंत येतो. १७९९ च्या ऑक्टोबरमध्ये मीर आलमच्या घरी मैफल होती. मुख्य नर्तिका चंदा. नाच चालू असतानाच तिने आपल्या दीवानाची हस्तलिखित प्रत एका तरुण इंग्रज कॅप्टनला नजर केली. त्या कॅप्टनने प्रतीवर तशी नोंद करून ठेवली, आणि ती प्रत आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. कॅप्टनचे नाव जॉन माल्कम. हाच तो माल्कम, ज्याने १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाची शरणागती घेतली आणि जो पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला. ज्या हातांनी पेशवाईचा शेवट कागदावर आणला, त्याच हातांनी हैदराबादच्या एका बाईचे पुस्तक जपून ठेवले.

तिने ती प्रत त्यालाच का दिली? भोळेपणाने नक्कीच नाही. टिपू पडून पाच महिने झाले होते. हैदराबादेत इंग्रजांचा शब्द जड होत चालला होता. वारा कुठून वाहतो आहे हे दरबारात वाढलेल्या बाईला कळत होते. नजराणा म्हणून दागिना देता आला असता, हिरा देता आला असता. तिने पुस्तक दिले. नाच संपला की विसरला जातो आणि पुस्तक कपाटात राहते, याची तिला पुरेपूर जाण असणार, असे मला वाटते.

*

याच वर्षांत पुण्यात काय चालले होते? राम जोशी, होनाजी, सगनभाऊ, प्रभाकर यांच्या लावण्या. त्यातली विरहिणी, तिची तक्रार, तिचा शृंगार, हे सारे बाईच्या तोंडचे. रचणारे मात्र पुरुष. हैदराबादेत याच्या उलट. उर्दू गझलेच्या रिवाजाप्रमाणे बोलणारा प्रियकर पुरुषच असतो, क्रियापदही पुल्लिंगी. चंदा त्याच रिवाजात लिहिते. म्हणजे पुण्यात पुरुष बाईचा आवाज घेऊन गात होता आणि हैदराबादेत बाई पुरुषाचा आवाज घेऊन लिहीत होती.

दोन्हीकडे फरक एवढाच, की लावणीच्या शेवटी शाहिराचे नाव येई; ती गाऊन दाखवणारी, अदा करणारी, कदाचित तिची चाल घडवणारी बाई निनावी राहिली. आपल्या तमाशाच्या इतिहासात पेशवाईतल्या शाहिरांची चरित्रे आहेत. त्यांच्या लावण्यांवर ज्यांचे पाय थिरकले त्या बायकांची चरित्रे नाहीत. गझलेच्या शेवटच्या शेरात मात्र ‘चंदा’ हे नाव येते, आणि ते नाव गाणारीचेच असते. मक्त्याच्या एका रूढीने एका बाईचे नाव वाचवले.

पण नाव वाचले म्हणून गाणे वाचले असे होत नाही. चंदा ख्याल, टप्पा, गझल गात होती. आपली कोणती गझल तिने कोणत्या चालीत बांधली होती? कोणत्या शेरावर ती थांबत असे? यातले काही आपल्यापर्यंत आलेले नाही. मारिया अंतोनियाची चाल छापील पानावर आहे. चंदाची चाल १८२४ मध्ये तिच्याबरोबर मौला अलीच्या टेकडीच्या पायथ्याशी पुरली गेली.

यावर कोणी म्हणेल, आपल्याकडे स्वर लिहिण्याची पद्धतच नव्हती. हे खरे नाही. तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला तो आपल्याच देवगिरीला, सिंघण यादवाच्या आश्रयाने. त्यात सा-रे-ग-मच्या अक्षरांनी स्वर मांडलेले आहेत. म्हणजे अक्कल होती, साधन होते. इच्छा नव्हती. चाल ही उस्तादाची पुंजी होती. ती कागदावर ठेवली तर कोणाच्याही हाती लागेल. शिवाय आपल्या गाण्यात रचना दर बैठकीला नव्याने घडते. कालची चाल आज तशीच गायली तर ती शिळी. हा आपल्या संगीताचा मोठेपणा आहेच. पण त्या मोठेपणाची किंमत कोणी मोजली, हेही पाहिले पाहिजे. घराण्यांत चाल बापाकडून मुलाकडे, उस्तादाकडून पुतण्याकडे गेली. गाणाऱ्या बाईची चाल, तिच्यामागे तिला ‘घराणे’ म्हणणारे कोणी नसेल, तर तिच्याबरोबर संपली. पुढे भातखंड्यांनी गावोगाव फिरून बंदिशी लिहून घेतल्या, तोवर चंदाला जाऊन पाऊण शतक उलटले होते.

*

येथपर्यंत दोन नमुने झाले. एकीचे शब्द, चाल आणि नाव तिन्ही टिकले. दुसरीचे शब्द आणि नाव टिकले. तिसरा नमुना शोधायला बीडच्या बाहेर जावे लागत नाही.

जात्यावर बसलेल्या बाईने पहाटेच्या अंधारात ओवी रचली. तिची चाल टिकली, कारण आईने लेकीला आणि सासूने सुनेला ती दिली. शब्द टिकले, थोडे बदलत का होईना. पण ओवीला मक्ता नसतो. तिथे रचणारीचे नाव घालायला जागाच नाही. नाव येते ते भावाचे, लेकाचे, विठ्ठलाचे. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी महाराष्ट्रभरातल्या गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. १९९० च्या दशकात या कामासाठी माजलगावच्या भीमनगरात ध्वनिमुद्रणे झाली. तिथल्या बायकांनी बाबासाहेबांवर ओव्या गायल्या. जात्याच्या जुन्या चालीत नवा माणूस आणि नवा विचार बसवणे म्हणजे काय असते? तीच रचना. दरबार नाही, जहागीर नाही, ब्राइटकोफचे खिळे नाहीत. तरी रचनाकार आहेच. आणि या वेळी गाणाऱ्या बायकांची नावे लिहून घेतली गेली. हे साधे काम शतकानुशतके कोणी केले नव्हते.

*

आपल्या मराठवाड्यात निजामाच्या राज्याची आठवण दुखरी आहे, आणि ती तशी असायला कारणे आहेत. ज्यांच्या घरातली माणसे रझाकारांच्या काळात गेली, त्यांना ‘हैदराबादचा दरबार रसिक होता’ हे ऐकवण्यात अर्थ नाही. पण त्या दुखण्यामुळे आपण आधीच्या दोनशे वर्षांचे दारच लावून घेतले. चंदा आपल्याला परकी झाली आणि मारिया अंतोनिया तर कधी आपली नव्हतीच.

एक योगायोग मला सोडवत नाही. अदिकमेटची जहागीर चंदाची. त्याच जमिनीवर पुढे उस्मानिया विद्यापीठ उभे राहिले. मराठवाड्यातली हुशार मुले शिकायला तिथेच जात. १९३८ मध्ये वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हणायचा हट्ट धरला, विद्यापीठाने त्यांना काढून टाकले आणि मग त्यांनी नागपूरची वाट धरली. अंबाजोगाई तेव्हा मोमिनाबाद होते. तिथल्या योगेश्वरी शाळेत घडवलेल्या पिढीला सोबत घेऊन स्वामी रामानंद तीर्थांनी राज्याविरुद्धचा लढा उभा केला. एका गाण्यासाठी मुलांनी शिक्षण पणाला लावले, ती जमीन एका गाणाऱ्या बाईची होती. त्या मुलांना हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आपल्याला आता ठाऊक आहे.

मौला अलीच्या पायथ्याशी १७९२ मध्ये चंदाने आईसाठी मकबरा बांधला होता. तिलाही तिथेच ठेवले. बरीच वर्षे ती जागा पडीक होती. २०११ च्या सुमारास तिची डागडुजी झाली. भिंती नीट झाल्या, बागेत पाणी आले. चाल काही परत आली नाही. ती दुरुस्त करता येत नाही.

म्हणून या लेखाचा शेवट एका विनंतीने करतो. दिवाळीला घरी पाहुणे येतील, म्हाताऱ्या आत्या-मावश्या येतील. त्यांच्यापैकी कोणाला तरी अजून एखादे हदग्याचे गाणे, एखादी पाळण्याची चाल, जात्यावरची ओवी येत असेल. प्रत्येकाच्या खिशात आज आवाज टिपणारे यंत्र आहे. खुशहाल खाँला किंवा ब्राइटकोफला ते स्वप्नातही दिसले नसते. त्यांना गायला सांगा. गाणे संपल्यावर लगेच यंत्र बंद करू नका. ‘तुम्हाला हे कोणी शिकवले?’ असे विचारा, आणि त्यांनी सांगितलेले नाव त्याच ध्वनिफितीत येऊ द्या.